शंभरपैकी शहाण्णव गुणांचा डॉक्टर

माझ्या डाव्या पायाची कळमनुरीत जेवढी चर्चा झाली, तेवढी नगरपरिषदेच्या निवडणुकीचीही झाली नसेल. निवडणूक निकाल लागला की थांबते. पाय मात्र रोज सकाळी माझ्याबरोबर फिरायला निघायचा आणि लोकांना दिसायचा. निवृत्त माणसाने सकाळी हाफ पॅन्ट घालून फिरावं असा आमच्या कॉलनीत प्रघात आहे, आणि प्रघात मोडणाऱ्यांपैकी हरिचंद आडे नाही.

एकतीस वर्षं मी उभं राहून शिकवलं. खुर्चीत बसून शिकवणाऱ्यांविषयी माझं मत इथे देत नाही, कारण त्यांतले बरेच जण हयात आहेत आणि दोघे माझे व्याही लागतात. शेवटची नऊ वर्षं जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात मुख्याध्यापक होतो, तोही साधा नव्हे, राजपत्रित. तरी परिपाठाला पहिल्या प्रार्थनेपासून शेवटच्या सूचनेपर्यंत उभा. या निष्ठेचं फळ म्हणून पोटरीवर निळ्या शिरा वर आल्या, जाड आणि गाठीगाठीच्या. आमची मिना, म्हणजे सौभाग्यवती, म्हणाली की सिद्धेश्वर धरणाचा कालवा आणि त्यातून फुटलेल्या चाऱ्या नकाशात असतात तशा या दिसतात. फरक एवढाच की कालव्याला पाळीने पाणी सुटतं आणि माझ्या पायात ते बारमाही साचलेलं.

घोट्याच्या वरची चामडी काळी पडून खाजायला लागली तेव्हा मी सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की शिरांमधल्या झडपा निकामी झाल्यात, म्हणून रक्त वर चढत नाही, खालीच तुंबतं. शिरांच्या सर्जनला दाखवा, तो तपासून शिरेत इंजेक्शन द्यायचं की आणखी काही करायचं ते ठरवेल. "पण सर, हे इंजेक्शन कुणाकडूनही घेऊ नका," ते म्हणाले. "आणि उशीर करू नका. इथं जखम झाली तर महिनोन्‌महिने भरत नाही." म्हणजे काम एवढंच होतं, लायक डॉक्टर निवडायचा. ज्याने आयुष्यभर माणसांचे कागद पारखले त्याला हे काय अवघड होतं.

आमच्या कॉलनीत एखाद्याला शिंक आली तर संध्याकाळपर्यंत तिच्यावर नऊ उपाय जमतात. मला तर पाय होता. उजवीकडचे शेजारी अमृतराव हे निवृत्त तलाठी. यांनी चाळीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या नोंदी केल्या, त्यामुळे लोकांची शरीरंही आपल्याच सज्जात येतात असा त्यांचा समज आहे. त्यांनी पोटरीला तांब्याची तार गुंडाळायला सांगितली. मी गुंडाळली. दोन दिवसांनी पाय हिरवा दिसायला लागला तेव्हा ते म्हणाले की बराबर आहे, विष बाहेर येऊन राहिलं. मिनाने पाय साबणाने घासला आणि ते विष तारेचं निघालं.

डावीकडचा रत्नपाल वीज मंडळात आहे. बोलतो कमी, आणि जे बोलतो ते खांबावर चढलेल्या माणसासारखं, थोडक्यात आणि जपून. तो म्हणाला, "सर, नांदेडला शिरांचे सर्जन हायेत. डिग्री काय ते विचारा, नोंदणी नंबर मोबाइलवर टाकून बघा, अन्‌ असे पेशंट किती केले ते विचारा. जो आधी पाय बघंल त्याच्याकडं जा." झालं. एवढीच त्याची पद्धत. तीन वाक्यांत संपते ती पद्धतच नव्हे असं माझं मत आहे, आणि मोबाइलवर माणसाची लायकी बघायला मी काही हॉटेल शोधत नव्हतो.

मी रीतसर निवड तक्ता तयार केला. फुलस्केप कागद, लाल शाईचा समास, एकूण गुण शंभर. मूळ कागदपत्रांना चाळीस, अनुभवाला वीस, पेहराव आणि शिष्टाचाराला वीस, दवाखान्याच्या टापटिपीला दहा आणि निवड समितीच्या मताला दहा. निवड समिती म्हणजे मी. मिनाने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, यात पायाचा रकाना कुठं हाये. मी तिला समजावलं की निवड डॉक्टरची करायची आहे, पायाची निवड कधीच झालेली आहे. तिने तक्ता परत दिला आणि कणीक मळायला गेली.

पहिला उमेदवार नांदेडचा. खरं तर उमेदवारीण. डॉ. ऐश्वर्या, रक्तवाहिन्यांच्या सर्जन, वय माझ्या शेवटच्या दहावीच्या तुकडीपेक्षा फार तर दहाएक वर्षांनी जास्त. पायात खेळाचे बूट. दीड तास बसवून ठेवल्यावर मला आत बोलावलं आणि पहिलं वाक्य काय, तर "काका, पॅन्ट वर करा आणि उभे राहा." मी काका नव्हतो. मी निवड समिती होतो. मी म्हटलं, आधी मूळ पदवी दाखवा. त्या म्हणाल्या की पदवी लातूरला आईच्या कपाटात आहे, नोंदणी क्रमांक बाहेर पाटीवर लिहिलाय, वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. मग म्हणाल्या की आधी डॉपलर करू, म्हणजे आतल्या शिरांची सोनोग्राफी, त्याशिवाय इंजेक्शन चालेल की नाही हे मी सांगणार नाही.

हे ऐकून मी उठलोच. जिला सांगता येत नाही तिला अनुभव कसला? पॅन्ट वर न करता मी बाहेर आलो आणि बसमध्ये तक्ता भरला. कागदपत्रं चाळीसपैकी पंधरा, पाटीवरच्या नोंदणी क्रमांकाचे, शिष्टाचार चार, तेही पाणी विचारलं म्हणून. एकूण पस्तीस. पस्तीसला आमच्याकडे पास करतात, पण ते दहावीला.

दुसरा उमेदवार हिंगोलीचा. पाटीवर चेहरा, केस आणि शिरा अशा तीन गोष्टींचे उपचार लिहिलेले आणि एका गोऱ्या बाईचा फोटो, जिला तिन्हींपैकी कशाचीच तकलीफ नव्हती. सोबत अमृतराव आले. त्यांनी सफारी घातला होता आणि माझ्या हातात फाइल होती. काउंटरवरच्या मुलीने वहीत माझं नाव-पत्ता लिहून काय काम ते विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांची मूळ प्रमाणपत्रं तपासायची आहेत. ती आत गेली. चहा आला, मग बिस्किटं आली, मग काजू आले. मी मनात शिष्टाचाराचे वीसपैकी वीस दिले. तेवढ्यात मागच्या बाजूला मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती मुलगी ड्रॉवरला कुलूप लावत म्हणाली की डॉक्टर गावाला गेले.

"कधी येतील?" मी विचारलं.

"तपासणी संपल्यावर," ती म्हणाली.

आम्ही रस्त्यावर आलो तर पुढच्या मूळव्याधवाल्याचं शटर अर्ध्यावर आलं होतं आणि हाडवैद्य बोर्ड उतरवत होता. एका दातवाल्याने गिऱ्हाइकाला तोंड उघडं असतानाच बाहेर काढलं. तेव्हा अमृतरावांनी खुलासा केला की सध्या बोगस डॉक्टर शोधायची मोहीम चालू आहे आणि लोकांना आपण दोघं त्या पथकातले वाटतो. मी इन्कार केला नाही. कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता इन्कार करणं मला असभ्य वाटतं. खरं सांगायचं तर त्या रस्त्याच्या शेवटापर्यंत मी जरा सावकाशच चाललो. निवृत्तीनंतर मला बघून कुणी घाबरलं नव्हतं.

आठवड्याने नोटीस आली. आरोग्य खात्याच्या एका कार्यालयातून. तपासणी पथकाचे सदस्य असल्याचे भासवल्याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा. मिना घाबरली, पण मला बरं वाटलं. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत मला कुणी खुलासा मागितला नव्हता, घरातसुद्धा नाही. मी नऊ पानी उत्तर लिहिलं, त्याला तीन परिशिष्टं जोडली आणि ते घेऊन हिंगोलीला गेलो. संबंधित बाई रजेवर. दुसऱ्यांदा गेलो तर आवक-जावकवाल्याने सांगितलं की खुलासा दोन प्रतींत लागतो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कळलं की नोटीस ज्यांच्या सहीने निघाली ते साहेब बदलून गेलेत आणि नव्या साहेबांना हे प्रकरण माहीत नाही. तरी मी पोच घेतली. एवढ्या गडबडीत बारा दिवस गेले, आणि बाराव्या दिवशी घोट्याच्या वर चिंचोक्याएवढी जखम उघडली.

मिना रोज सकाळी ती धुऊन पट्टी बांधायची. पट्टी सोडताना कापड चिकटायचं आणि मी छताकडे बघायचो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आवो, आता नांदेडच्या पोरीकडंच चला. लई झाली तुमची निवड. पाय सडला म्हंजी तक्ता कुठं बांधता?" तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त राग आला. पस्तीस गुणांच्या उमेदवाराला नेमणूक दिली तर बाकीच्यांवर अन्याय होतो, असं मी म्हणालो. बाकीचे कोण, ते तिने विचारलं. तेव्हा नाइलाजाने मला तिसरा उमेदवार शोधावा लागला.

तो अमृतरावांनी दिला. डोंगरकडा गावाच्या अलीकडे एका फाट्यावर, टायरच्या दुकानाच्या वर, शिरामुक्ती उपचार केंद्र. डॉक्टर दिपक. वैशाखाच्या उन्हात टाय आणि कोट. मला बघताच ते टेबलामागून धावत आले आणि पाया पडले. पडताना हात नेमका दुखऱ्या पायाच्या बोटांना लागला. त्या दिवशी या गृहस्थांनी माझ्या पायाला हात लावला तो तेवढाच.

"आडे सर, तुमीच आले," ते म्हणाले. "बसा. काय सेवा?"

मी म्हटलं, मूळ कागदपत्रं. पुढच्या क्षणी टेबलावर फाइल. अनुक्रमणिका असलेली, पान क्रमांक घातलेली, अकरा प्रमाणपत्रं, प्रत्येक लॅमिनेशन केलेलं. माझे डोळे भरून यायचे बाकी राहिले. मी एकेका कागदाचा गोल शिक्का बघितला, सही बघितली, जावक क्रमांक बघितला, तारीख बघितली. अकराच्या अकरा चोख. मजकूर वाचत बसणं हे लिपिकाचं काम, अधिकाऱ्याने शिक्का बघायचा, ही माझी सेवाभर रीत होती. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना डॉपलर-बिपलर लागत नाही, शीर डोळ्यांनी दिसते मग मशीन कशाला. तीन इंजेक्शनांत पाय लहान लेकरासारखा होईल. एकूण गुण शहाण्णव. चार कापले, कारण भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं.

घरी येऊन मी तक्ता मिनापुढे ठेवला. तिने शहाण्णव आकडा बघितला.

"त्यानं पाय बघितला का?" तिने विचारलं.

मी म्हणालो की पायाची तपासणी कागदपत्र पडताळणीनंतरच्या टप्प्यात येते. तिने तक्ता उलटा करून ठेवला. पण ठरलेल्या दिवशी, मी नको म्हणत असताना, पिशवीत पाण्याची बाटली आणि जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या घेऊन ती भाड्याच्या गाडीत येऊन बसली. अमृतराव तर होतेच. शिफारस त्यांची, म्हणून पहिलं इंजेक्शन बघायचा हक्क आपला, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाहेरच्या बाकांवर पंधरा-वीस माणसं. बहुतेक आजूबाजूच्या केळीच्या बागांत दिवसभर उभं राहून काम करणारी. त्यांतल्या अर्ध्यांनी मला नमस्कार केला. मला पहिला नंबर मिळाला, तो मी नाकारला नाही. आत पडद्यापलीकडे उंच टेबल होतं. डॉक्टरांनी मला पॅन्ट दुमडून आडवं व्हायला सांगितलं आणि ते सुया उकळायच्या स्टोव्हजवळ जाऊन मला न दिसणाऱ्या बाटलीतलं औषध सिरिंजमध्ये ओढायला लागले.

आडव्या माणसाला वर बघण्याशिवाय काम नसतं. समोरच्या भिंतीवर एक मोठी फ्रेम होती, फाइलीतल्या अकरांपेक्षा वेगळी. तिच्या खालच्या कोपऱ्यात हिरव्या शाईतली सही होती. हिरव्या शाईने सही करायचा मान आमच्याकडे राजपत्रित माणसालाच. शाई फिकी झाली होती, पण त्या 'ह'ची शेपटी मी कुठेही ओळखली असती. खाली गोल शिक्का, वर 'सत्यप्रत'. सही माझी होती.

छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. ज्या दवाखान्यात मी उपचाराला आलो तिथल्या भिंतीवर मीच होतो. डॉक्टरांनी माझी नजर ओळखली. ते सिरिंज टिचकीने वाजवत म्हणाले, "सर, या एका सहीवर माझं सगळं चालून राहिलं. फाइल कोन बघतं? लोक म्हनतात, कागद खरा का? मी म्हनतो, आडे सरांनी तपासलाय. मंग कोनी तोंड उघडत न्हाई."

सही बघून झाली, शिक्का बघून झाला, तारीख झाली. अजून सुई आली नव्हती. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी असा कागद वरपासून खाली वाचायला लागलो. सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पशुपालकांसाठी तीन दिवसीय प्रशिक्षण. त्याखाली: जनावरांची निगा, लसीकरण व इंजेक्शन देण्याची पद्धत. त्याखाली: सहभागाबद्दल.

सेवेत असताना रोज दुपारी चारनंतर माझ्या टेबलावर झेरॉक्सचे गठ्ठे यायचे. शिष्यवृत्तीवाले, भरतीवाले, बचतगटवाले. मी शिपायाशी बोलत, चहा पीत, फोनवर शिक्षणाधिकाऱ्यांना हो हो म्हणत सह्या करायचो. मूळ प्रत समोर ठेवली आहे का, हे कधी विचारलं असेन तर आठवत नाही. लोक म्हणायचे, आडे सर कुणाला परत पाठवत नाहीत. याचा मला अभिमान होता. भिंतीवर त्या अभिमानाची एक प्रत लावलेली होती, आणि जनावरं टोचायला तीन दिवस शिकलेला माणूस माझ्या शिरेत सुई घालायला निघाला होता.

मी सभ्य मार्ग शोधले. म्हटलं, मला रक्तदाब आहे. डॉक्टर म्हणाले, चालतं. म्हटलं, मी जेवून आलो नाही. म्हणाले, उलट चांगलं. म्हटलं, आज अमावस्या आहे. ते म्हणाले, सर, तुमी तर शिकलेले. त्यांनी कापसाने पोटरी पुसली तेव्हा मी टेबलावरून उतरलो, आणि दुमडलेल्या पॅन्टसकट पडदा सारून बाहेर आलो. मागून डॉक्टर, हातात सिरिंज. बाकांवरची सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली.

"याच्याकडून इंजेक्शन घेऊ नका," मी म्हणालो. "याला फक्त जनावरांचं तीन दिवसांचं शिक्षण आहे. तोच कागद भिंतीवर लावलाय."

डॉक्टर शांत होते. त्यांनी आत जाऊन फ्रेम काढून आणली आणि सगळ्यांना दिसेल अशी छातीशी धरली. "आन्‌ ही सही कोनाची, सर?"

अमृतराव माझ्या कानाशी आले. इतक्या दिवसांत त्यांनी दिलेल्या सल्ल्यांपैकी हा एकच व्यवहारी होता. ते पुटपुटले, "खोटी म्हना सर. शिक्का कोनीबी बनवतं. तुमचं नाव बी ऱ्हाईल अन्‌ याचं दुकान बी बंद हुईल."

ते खरंच तसं झालं असतं. एका शब्दाचं काम होतं. वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि त्या वीसांना माझाच शब्द खरा वाटला असता. दाराशी मिना उभी होती. मी सह्या केलेल्या गुणपत्रिका, किराण्याच्या याद्या, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्ते, सगळं तिने बघितलेलं होतं, माझा 'ह' तिला लांबूनही ओळखता आला असता. ती नुसती बघत होती, आणि मला तिच्या त्या बघण्याची भीती वाटली.

"सही माझी आहे," मी म्हणालो. "मी न वाचता केली होती."

 वाटलं होतं लोक ओरडतील. कुणी ओरडलं नाही. शेवटच्या बाकावरून एक म्हातारी उठली, बेबीबाई. डोंगरकड्याच्या बागांत केळीचे घड वाहते. तिने लुगडं जरा वर केलं. नडगीवर पट्टी होती आणि पट्टीच्या कडेने कातडी काळीनिळी झालेली.

"मला पंधरा दिस झाले सुई देऊन," ती म्हणाली. "मला वाचता येत न्हाई, सर. पर तुमची हिरवी सही मी वळखते, माह्या पोरीच्या कागदावर होती. ती बघूनच बसले म्या याच्या म्होरं. तुमी वाचलं काहून न्हाई?"

मी खूप वर्षं पोरांना वर्गात उभं करून विचारलं आहे, वाचून का आला नाहीस. पोरं खाली बघायची. मीही खालीच बघितलं. तिथे माझाच पाय होता.

पुढचं सगळं मिनाने केलं. तिने रत्नपालला फोन केला, बेबीबाईचा हात धरून तिला गाडीत बसवलं, आणि अमृतरावांना मागच्या बसने यायला सांगितलं. डॉक्टर दिपक त्या गडबडीत मागच्या जिन्याने उतरले असावेत, टाय तेवढा खुर्चीवर राहिला होता. तक्रार मी गाडीतच लिहायला घेतली, आणि त्यात सहीची गोष्ट वगळली नाही. मंडळाच्या कामाने नांदेडलाच गेलेला रत्नपाल तिथल्या दवाखान्याच्या दारात आधीच येऊन उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला की आधी दोघं आत चला.

डॉ. ऐश्वर्यांनी मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. त्यांनी आधी बेबीबाईला झोपवलं, पट्टी सोडली आणि पाय सगळीकडून दाबून बघितला. मग मिनाला सांगितलं की औषध शिरेच्या बाहेर गेलंय, तिथली कातडी मेलीय, ती आज भूल देऊन काढावी लागेल आणि ड्रेसिंग बरेच दिवस चालेल. पाय वाचेल. आणखी पंधरा दिवस थांबली असती तर हे सांगता आलं नसतं. माझं डॉपलर झालं. आतल्या शिरा शाबूत होत्या, जखम भरली की दोन टप्प्यांत उपचार, इंजेक्शनं त्यांतच. तोवर घट्ट मोजे आणि पाय वर. किती पेशंट केले वगैरे मी काही विचारलं नाही. मिनाने विचारलं, आणि डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं.

भूल द्यायच्या आधी नर्सने बेबीबाईचा संमतीचा कागद आणला. तिचा अंगठा आणि खाली एका साक्षीदाराची सही. मी खिशातून पेन काढलं. हे मात्र मला करता येण्यासारखं होतं, आणि मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. मी कागदावर वाकलो. बेबीबाईने खाटेवरून हात पुढे केला आणि तळवा कागदावर ठेवला.

"तुमी ऱ्हाऊ द्या, सर," ती म्हणाली. "बाईला करू द्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. एकतीस वर्षांत माझी सही नको म्हणणारी ती पहिली, आणि तिचं बरोबर होतं. मी पेनाला टोपण लावून ते परत खिशात ठेवलं.

मिनाने कागद घेतला. तीन पानं होती. तिने ती पहिल्या ओळीपासून बेबीबाईला मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि दोन ठिकाणी थांबून डॉक्टरांना अर्थ विचारला. बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागले. डॉक्टर थांबल्या. मग मिनाने नर्सकडून निळं बॉलपेन मागून घेतलं आणि आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. मी तोवर बाकावर डावा पाय वर घेऊन बसलो होतो.